निदान, निदान तरी करा!

मराठीत 'निदान' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, रोग ओळखणं. दुसरा, 'कमीत कमी'. मला हा योगायोग जाम आवडतो. बिघडलेली कुठलीही वस्तू आपण दुसऱ्याच्या हातात देतो, तेव्हा त्याच्याकडून निदान एवढी तरी अपेक्षा असते की त्याने निदान करावं. बिघाड कुठे आहे ते आधी शोधावं आणि मग पान्याला हात घालावा.

प्रत्यक्षात काय होतं? फ्रिज गार होत नाही. 'गॅस भरून बघू.' लॅपटॉप मधेच बंद पडतो. 'रॅम बदलून बघू.' गाडीचे दिवे जातात. 'बॅटरी टाकून बघू.' सगळी गोम या 'बघू'मध्ये आहे. यात बघणं कुठेच नसतं. बघायचा कंटाळा केला म्हणून झालेला खर्च असतो, आणि तो आपल्या खिशातून जातो.

आता कुणी म्हणेल, तुम्ही आयटीवाले कुठल्या तोंडाने बोलता? 'रिस्टार्ट करून बघा' हा तर तुमचा राष्ट्रीय उपचार! मान्य आहे. पण प्रॉडक्शनमध्ये तोच बग तिसऱ्यांदा आला की आमच्याकडेही कुणीतरी 'रूट कॉज काय?' असं विचारतंच. मग झक मारत लॉग उघडावे लागतात. गाडीच्या बाबतीत मात्र दहादहा लाख रुपये मोजणारी आपली शहाणी जमात हा प्रश्न विचारत नाही. बिल बघते, कार्ड स्वाइप करते आणि निघते.

हे सगळं सुचायला निमित्त झालं एका छोट्याशा पार्टचं. स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना ज्या दोन दांड्या असतात ना, एकीकडे दिवे आणि इंडिकेटर, दुसरीकडे वायपर, तो सगळा मिळून एक पार्ट असतो. गॅरेजमध्ये त्याला कॉम्बिनेशन स्विच म्हणतात. आपण गाडीतल्या ज्या वस्तूंना सगळ्यात जास्त हात लावतो त्यातली ही एक, आणि बहुतेकांना तिचं नावही ठाऊक नसतं.

माझी गाडी 2012 सालची, साधी हॅचबॅक, बेस मॉडेल, सेकंडहँड घेतलेली. त्रास असा की रात्री अर्धा-पाऊण तास गाडी चालवली की लो बीम लुकलुकायचा आणि मग जायचा. दोन्ही दिवे एकदम. दांडी जराशी हलवली की परत यायचा. हाय बीम मात्र ठणठणीत. शहरात रस्त्यावरच्या दिव्यांत हे फारसं जाणवत नाही. पण ताम्हिणीच्या वळणावर, समोरून एसटी येत असताना लो बीम गेला की काय होतं ते सांगतो. हाय बीम ठेवावा तर समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर अंधारी. नाही ठेवावा तर आपल्यासमोर अंधार. या दोन्हींच्या मधे एका बाजूला दरी. हा काही 'किरकोळ इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम' नव्हे.

गाडी एका मोठ्या गॅरेजमध्ये दिली. एसी वेटिंग रूम, फुकट कॉफी वगैरे. पहिल्या खेपेला दोन्ही बल्ब बदलले. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. दुसऱ्या खेपेला बॅटरी बदलली. तिसऱ्या खेपेला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने गंभीर चेहरा करून सांगितलं, "सर, वायरिंग हार्नेस बदलावं लागेल." एस्टिमेट अठरा हजार. मी विचारलं, "कशावरून?" तर म्हणाला, "सर, जुनी गाडी आहे ना."

मंडळी, हे कारण नाही. 'जुनी गाडी आहे' हे गाडीचं वय झालं. साठीच्या माणसाचा गुडघा दुखतो म्हणून कुठला डॉक्टर 'वय झालं, पाय बदलू' असं म्हणत नाही. निदान अजून तरी नाही. :-)

मुळात हा बिघाड कागदावर शोधता येण्यासारखा होता. हेडलाइटची वीज कशी जाते ते बघा. बॅटरी, मुख्य फ्यूज, मग दांडीतला स्विच. त्या स्विचमध्ये दोन जागा: आधी दिवे चालू-बंद करणारी, मग अप्पर-डिपर ठरवणारी. तिथून माझ्या गाडीत लो बीमचे दोन फाटे फुटतात, डावा आणि उजवा, प्रत्येकाला आपला वेगळा फ्यूज. मग बल्ब आणि शेवटी अर्थ. बल्ब एच-फोर जातीचा, म्हणजे हाय आणि लो अशा दोन फिलामेंट एकाच काचेत, आणि दोघींची अर्थची पिन एकच.

आता कोडं सोडवा. हाय बीम नीट चालतो. म्हणजे बॅटरी, मुख्य फ्यूज, चालू-बंदची जागा आणि अर्थ हे सगळे निर्दोष सुटले, कारण हाय बीमची वीजही याच वाटेने जाते. उरलं फक्त लो बीमचं स्वतःचं असं जे काही आहे ते. दोन फिलामेंट? दोन्ही एकाच क्षणी जाणार आणि दांडी हलवली की एकाच क्षणी जिवंत होणार, असं होत नाही. दोन फ्यूज? त्यांनाही तोच न्याय. मग जिथून फाटे फुटतात त्याच्या अलीकडचंच काहीतरी असणार. म्हणजे दांडीतला लो बीमचा काँटॅक्ट, किंवा त्याच्या मागचं कनेक्टर. आणि दांडी हलवल्यावर दिवे येतात हा तर सरळसरळ कबुलीजबाबच! इथपर्यंत एकही स्क्रू काढावा लागला नाही. बॅटरीवर संशय घ्यायला तर जागाच नव्हती.

पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा मोजून मिळतो. इंजिनिअरिंगला असताना प्रोजेक्टसाठी बुधवारात पासोड्या विठोबाच्या आसपास दुकानं पालथी घातलेल्या प्रत्येकाकडे एक डिजिटल मल्टिमीटर असतोच. तो काढला. मात्र इथे एक मेख आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

कनेक्टर सुटं करून स्विचमधून बाहेर येणाऱ्या पिनवर व्होल्टेज मोजलं, तर साडेबारा व्होल्ट येतात. म्हणजे स्विच चांगला? अजिबात नाही. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण 10 मेगाओहम असतो. त्यातून जाणारा करंट फार तर एखाद-सव्वा मायक्रोअँपियर. एवढ्याशा करंटला जळका काँटॅक्टही वाट देतो. घरचं उदाहरण घ्या. पाइपमध्ये कचरा अडकलाय, पण नळ बंद असताना प्रेशर पूर्ण दिसतं. नळ सोडला की करंगळीएवढी धार. काँटॅक्टचंही तसंच. तपासायचा असेल तर नळ सोडून, म्हणजे दिवे चालू ठेवून तपासायला हवा. आमच्या भाषेत सांगायचं तर युनिट टेस्ट पास, लोड टेस्ट नापास.

त्याची रीत सोपी आहे. कनेक्टर जोडलेलंच ठेवायचं. लो बीम चालू करायचा. मीटरचं एक टोक स्विचमध्ये वीज शिरते त्या पिनवर, दुसरं बाहेर पडते त्या पिनवर, मागच्या बाजूने. याला व्होल्टेज ड्रॉप मोजणं म्हणतात. स्विच चांगला असेल तर दोन टोकांमध्ये जवळजवळ काहीच फरक दिसायला नको, फार तर एखाद-दोन दशांश व्होल्ट. माझ्या गाडीत दिवे लावल्या लावल्या तो दिसला 0.4. वीस मिनिटांनी 2 व्होल्टच्या वर.

दोन व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. पण हिशोब करा. 55 वॅटचे दोन बल्ब म्हणजे 110 वॅट, 12 व्होल्टला साधारण 9 अँपियर. 9 अँपियर गुणिले 2 व्होल्ट म्हणजे 18 वॅट. आपण सर्किट जोडायला जी सोल्डरिंग आयर्न वापरतो ती 25 वॅटची असते. म्हणजे स्टिअरिंगखालच्या त्या प्लास्टिकच्या डबीत एक छोटी सोल्डरिंग आयर्न चालू होती! काँटॅक्ट तापतो, तापला की त्याचा रोध वाढतो, रोध वाढला की अजून तापतो, आणि शेवटी सुटतो. 'अर्ध्या तासाने जातो' या तक्रारीचं उत्तर हे.

दुसरं नुकसान त्याहून छुपं. फिलामेंटच्या बल्बचं व्होल्टेज 10 टक्के कमी झालं तर प्रकाश जवळपास 30 टक्के कमी होतो. म्हणजे दिवे पूर्ण जायच्या कितीतरी आधीपासून ते मंद झालेले असतात आणि आपल्याला वाटत राहतं, चष्म्याचा नंबर वाढला की काय.

एवढं झाल्यावर मी शहराच्या जुन्या भागातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेलो. टपरीवजा दुकान, भिंतीवर वायरींची भेंडोळी. मी माझे आकडे सांगायच्या आत त्यांनी विचारलं, "किती वेळाने जातो?" मग, "दांडी हलवली की येतो का?" मग, "अप्पर बरोबर आहे ना?" तीन प्रश्न. जॉब कार्डवर जे कुणी लिहून घेतलं नव्हतं, नेमकं तेच. मग त्यांनी मीटरला हातही न लावता हेडलाइटचाच एक जुना बल्ब वायरीला जोडून स्विचच्या पिनवर टेकवला. तो नीट पेटेना, नुसता निखाऱ्यासारखा लाल. बल्ब हाच त्यांचा लोड. ओहमचा नियम ते नावाने घेत नसतील, पण तो त्यांच्या हातात होता. "स्विच गेला, दादा. दुसरं काही करू नका."

नवा स्विच नाना पेठेतून आणला, ओरिजनल, एकोणीसशे रुपयांना. बदलायला पाऊण तास लागला. क्रम असा: बॅटरीची निगेटिव्ह काढायची. चाकं सरळ ठेवायची. हॉर्नचं पॅड काढायचं. मधला नट सैल करायचा, पण पूर्ण काढायचा नाही, दोन-चार आटे शिल्लक ठेवायचे, नाहीतर ओढताना स्टिअरिंग सुटून थेट तोंडावर. शाफ्ट आणि स्टिअरिंग दोघांवर एक खूण करायची, म्हणजे परत बसवताना ते तिरकं बसत नाही. मग खालचे स्क्रू काढून कॉलमचं कव्हर, कनेक्टर, आणि स्विच हातात. नवा बसवताना वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंद करणारा खटका जागेवर बसला का ते बघायचं, आणि कव्हर लावायच्या आधी सगळं एकदा चालवून बघायचं.

इथे एक इशारा. माझ्या गाडीला एअरबॅग नाही. भारतात नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै 2019 पासून. ज्यांच्या स्टिअरिंगमध्ये ती आहे त्यांनी घरी हा उद्योग करू नये. एअरबॅग म्हणजे स्फोटकाने फुगणारी पिशवी आहे. शिवाय तिची वायर एका गुंडाळीतून जाते आणि ती गुंडाळी मध्यावर न ठेवता बसवली तर पहिल्याच पूर्ण वळणात तुटू शकते. बऱ्याच गाड्यांत दांड्या स्टिअरिंग न काढताही निघतात, पण कुठल्या गाडीत काय ते सर्व्हिस मॅन्युअल वाचल्याशिवाय ठरवू नये.

बरं, स्विच बदलला, दिवे लागले, इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. काकांनी मात्र जुना स्विच उघडला. आतला तांब्याचा काँटॅक्ट काळाठिक्कर, खड्डे पडलेला, आणि भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन बसकं झालेलं. ते म्हणाले, "हा नुसता वापराने नाही गेला. मोठे बल्ब होते का?" गॅरेजने पहिल्या खेपेला काढलेले बल्ब डिकीत एका पिशवीत पडले होते. बाहेर काढले. पितळेवर स्वच्छ छापलेलं होतं: 100/90. आधीच्या मालकाने जास्त उजेडासाठी लावलेले. 90 अधिक 90 म्हणजे 180 वॅट, म्हणजे 15 अँपियर, तेही रिलेशिवाय, थेट त्या नाजूक स्विचमधून. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे 9 चे 15 अँपियर झाले की काँटॅक्टमधली उष्णता जवळपास पावणेतीन पट होते.

म्हणजे बघा, गुन्ह्याचा पुरावा पहिल्याच दिवशी गॅरेजच्या हातात होता. त्यांनी तो काढला, पिशवीत भरला आणि डिकीत टाकला. त्यावर काय छापलंय ते वाचलं नाही. पार्ट बदलणं आणि निदान करणं यात फरक केवढा, तर एवढा. एकाच हातात तोच बल्ब असतो. एकाला तो 'जुना बल्ब' दिसतो, दुसऱ्याला उत्तर दिसतं.

काकांनी वर एक रिले बसवून दिला. आता दांडीतून जाते ती फक्त रिलेच्या गुंडाळीपुरती चिमूटभर वीज, एक पंचमांश अँपियरच्या आसपास. जड करंट बॅटरीपासून वेगळ्या फ्यूजमार्गे थेट दिव्यांना.

तर मुद्दा असा, की हे माझ्या एका गाडीपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. निदान न करता पार्ट बदलण्याने किंवा 'साफ करून' देण्याने माणसं मेली आहेत. आणि तीही स्टिअरिंग कॉलमवरच्याच एका स्विचमुळे.

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कोबाल्ट वगैरे गाड्यांचा इग्निशन स्विच सैल होता. जड जुडगा असला किंवा गुडघा लागला की किल्ली चालू गाडीत 'रन'वरून मागे सरकायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, ब्रेकची मदत गेलेली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एअरबॅगही उघडत नसत. 2010 साली जॉर्जिया राज्यात अशा गाडीत एका तरुण नर्सचा मृत्यू झाला. त्याच्या काही दिवसच आधी, गाडी चालता चालता बंद पडते म्हणून तिने ती डीलरकडे दाखवली होती. तिथे इंधनाची यंत्रणा साफ करून गाडी परत दिली गेली.

तिच्या आईवडिलांनी दावा लावला. त्यांच्या वकिलांनी नेमलेल्या एका इंजिनिअरने साधी गोष्ट केली. अपघातातल्या गाडीचा स्विच उघडला, दुकानातून नवा स्विच आणला, तोही उघडला, आणि दोन्ही शेजारी ठेवले. आतला प्लंजर आणि स्प्रिंग वेगळी! नव्यातला प्लंजर लांब, त्यामुळे किल्ली घट्ट बसणारी. कंपनीत 2006 मध्येच स्विचची रचना बदलली गेली होती, पण पार्ट नंबर तोच ठेवला होता. आपल्यापैकी ज्यांनी कधी व्हर्जन नंबर न वाढवता बायनरी बदलल्याचे परिणाम भोगलेत, त्यांच्या अंगावर इथे काटा येईल. नंबर एकच असल्यामुळे कंपनीतल्याच तपास करणाऱ्यांना कित्येक वर्षं कोडं सुटेना की अमुक सालानंतरच्या गाड्यांत हे का होत नाही. 2014 मध्ये सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. नुकसानभरपाईच्या निधीने 124 मृत्यू या दोषाशी जोडलेले मान्य केले. 2015 मध्ये कंपनीने सरकारशी तडजोड करून 90 कोटी डॉलर भरले.

मला यात सगळ्यात बोचते ती एक गोष्ट. चालता चालता इंजिन बंद पडणं हा प्रकार कंपनीत बराच काळ 'ग्राहकाच्या सोयीचा प्रश्न' म्हणून नोंदवला जात होता, सुरक्षेचा नव्हे. खण चुकला की निदान चुकतं. 'किरकोळ इलेक्ट्रिकल प्रॉब्लेम' हाही असलाच एक खण.

आता हे असं का होतं? गॅरेजवाले चोर आहेत असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण मला ते पटत नाही. माझी तिन्ही बिलं, एस्टिमेटसकट, मी समोर ठेवली. बल्ब, बल्ब बसवण्याची मजुरी. बॅटरी, बॅटरी बसवण्याची मजुरी. हार्नेस, हार्नेस बदलण्याची मजुरी. 'विचार करण्याची मजुरी' अशी ओळ कुठेच नव्हती. ज्या कामाची बिलात ओळ नाही ते काम कोण करेल? मेकॅनिकने तासभर डोकं लावून पाच रुपयांचा गंजलेला लग शोधला, तर त्याची कमाई पाच रुपये. न शोधता बॅटरी बदलली, तर कमाई बॅटरीची. आपल्याकडे 'किती तिकिटं क्लोज केली' यावर अप्रेझल ठरवलं की लोक तिकिटंच क्लोज करतात, बग नव्हे. तसंच हे.

आणि या पद्धतीत आपण ग्राहकही सामील आहोत. आपल्याला पैशाच्या बदल्यात हातात काहीतरी वस्तू लागते. नवा पार्ट दिसला की समाधान होतं. 'तासभर तपासलं, पार्ट काही लागला नाही, पाचशे रुपये द्या' असं कुणी म्हटलं की आपलं तोंड वाकडं. डॉक्टरांना नुसत्या तपासणीचे आठशे रुपये आपण बिनबोभाट देतो. मेकॅनिकला मात्र, "अहो, नुसतं बघितलं तर आहे!"

काकांना मी तपासणीचे किती असं विचारलं तेव्हा त्यांनी हात झटकला. "बघायचे कसले पैसे, दादा? स्विच बसवायचे अडीचशे आणि रिलेचे काय ते द्या." ज्या कामाने माझे अठरा हजार वाचले, आणि बहुधा जीवही, त्या कामाची किंमत त्यांच्या लेखी शून्य होती. कारण ती आपणच शून्य ठरवली आहे. मी बघण्याचे म्हणून वेगळे पाचशे दिले, त्यांनी ते बराच वेळ घेतले नाहीत. हा त्यांचा मोठेपणा झाला. पण अशा मोठेपणावर धंदा चालत नाही, आणि त्यांचा मुलगा हे काम शिकणार नाही. शिकला तरी उद्याच्या गाड्यांत त्याला नुसता बल्ब आणि वायर पुरणार नाही.

कारण नव्या गाड्यांत दांडी फक्त निरोप पाठवते, 'लो बीम लावा' एवढाच. दिवा लावायचा की नाही ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. तिथे बिघाड शोधायचा तर कंपनीचा स्कॅनर आणि वायरिंगचे नकाशे लागतात. ते बाहेरच्या माणसाला मिळतात का? 2014 च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने नेमक्या याच कारणासाठी, म्हणजे सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना खुली न ठेवल्याबद्दल, 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. पुढे ते प्रकरण अपिलांत आणि कोर्टांत गेलं. 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्यात मोटारींचाही समावेश होता, आणि त्या वर्षअखेरीला त्याचं पोर्टलही सुरू झालं. दिशा बरोबर आहे. पण मला विचाराल तर दुरुस्तीच्या हक्काच्या आधी निदानाचा हक्क येतो. सर्किटचा नकाशा आणि एरर कोडचा अर्थ गाडी विकत घेणाऱ्याला गाडीबरोबरच मिळायला हवा. गाडी माझी आणि तिला काय झालंय ते सांगण्याचा अधिकार मात्र दुसऱ्याचा, हा कुठला न्याय?

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत आपल्या हातात तीन गोष्टी आहेत.

एक, गॅरेजमध्ये लक्षणं सांगा, पार्ट सांगू नका. 'लाइटचं काम आहे' असं न सांगता 'अर्ध्या तासाने दोन्ही लो बीम एकदम जातात, हाय बीम चालतो, दांडी हलवली की येतात' हे जॉब कार्डवर याच शब्दांत लिहून घ्या. चांगला बग रिपोर्ट कसा असतो ते तुम्हाला मी काय सांगणार?

दोन, कुठलाही पार्ट बदलायच्या आधी 'कशावरून?' एवढं विचारा. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. उत्तरात एखादं मोजमाप किंवा चाचणी असेल तर पुढे जा. 'जुनी गाडी आहे' असं असेल तर थांबा. आणि बदललेला प्रत्येक जुना पार्ट मागून घ्या. त्यावर काय छापलंय ते वाचा.

तीन, बघण्याचे पैसे द्या. बिलात वेगळी ओळ लिहायला लावून द्या. पार्ट लागला नाही तरी द्या, उलट तेव्हा तर आनंदाने द्या. आठवड्यात दहा गिऱ्हाइकांनी असं केलं, तर अकराव्याची गाडी आल्यावर मेकॅनिक आधी पान्याकडे न जाता ड्रायव्हरशी दोन मिनिटं बोलेल.

माणूस ज्याचे पैसे मिळतात ते काम करतो, मग तो गॅरेजमधला असो की क्युबिकलमधला. आपण आजवर पार्टचे पैसे देत आलो, म्हणून आपल्याला पार्ट मिळाले. उत्तरं हवी असतील, तर उत्तरांचे पैसे द्यायला लागू या. निदान तेवढं तरी.